न बुडालेली पिशवी

महोदय,
अमेरिकेतल्या चार्ल्सटनचा व्यापारी हेन्री लॉरेन्स १७८० मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, अमेरिकेचा दूत म्हणून हॉलंडला निघाला आणि न्यूफाउंडलंडजवळ ब्रिटिशांच्या हाती लागला. त्याची कागदांची पिशवी समुद्रात फेकली गेली. पण ती बुडेचना! खलाशांनी आकड्याने वर ओढली. आतल्या अमेरिका-डच तहाच्या मसुद्यामुळे ब्रिटनला डचांवर युद्ध पुकारायला निमित्त मिळाले. लॉरेन्स लंडनच्या टॉवरमध्ये, वर कोठडीचे भाडेही त्याच्याच माथी. पुढे त्याची अदलाबदल झाली ती अमेरिकेत शरण आलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस याच्याशी (हो, टिपूविरुद्ध मराठ्यांना सोबत घेणारा तोच). गुलामांच्या व्यापारावर गबर झालेल्या याच गृहस्थाने १७७६ मध्ये मुलाला लिहिले होते, गुलामगिरीचा मला तिटकारा आहे. हे सारे आज १६ छापील खंडांत वाचता येते. आमच्या पेठेतल्या जुन्या पेढीची मोडी पत्रे मात्र परवा रद्दीच्या काट्यावर पाहिली.
– एक वाचक, सातारा