फोंड्याच्या दवाखान्यातल्या दोघांना

पावसाळ्यात आमच्या मोती कुत्र्याचे केस झडले, कातडी लाल होऊन सोलली. शेजारी म्हणत, लांब ठेवा त्याला. डॉक्टरबाईंनी कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. डेमोडेक्स नावाचे किडे निघाले. हे माणसांना लागत नाहीत, असं त्यांनी आईला शांतपणे समजावलं आणि आईने तिथेच त्याला जवळ घेतलं.

आणि ते मदतनीस काका! ओल्या फरशीवर बसून त्यांनी औषधी शाम्पू लावला, फेस 10 मिनिटं राहू दिला. तेवढा वेळ मोतीच्या डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून त्याच्याशी कोंकणीत बोलत होते. मग बोटांच्या बेचक्या कशा कोरड्या करायच्या तेही दाखवलं. आता पाठीवर नवे केस आलेत. तुमचं देव बरें करूं!