शिक्षण परिषदेतली पंधरा मिनिटं

ठाणे

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू सहज म्हणालास, "एकदा आमच्या मास्तर मंडळींसमोर येऊन बोल की." मी ते मनावर घेतलंय. तुझ्याकडे रेंजची बोंब, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या अथर्वचं निदान तुला ठाऊक आहे, चाइल्डहूड अप्रॅक्सिया ऑफ स्पीच. डोक्यात शब्द तयार असतो, जिभेत-ओठांत ताकदही असते. पण बोलताना कुठला अवयव कधी, कुठे न्यायचा हे मेंदू आपल्या नकळत ठरवतो, तिथेच गडबड. 'र'ला 'ल' म्हणणारं पोर दर वेळी 'ल'च म्हणतं. आमचा पठ्ठ्या सकाळी स्वच्छ 'पाणी' म्हणतो, दुपारी 'आपी', आणि रात्री नुसते ओठ चाचपडत राहतो. लोकांना वाटतं, नाटकं करतोय, मघाशी तर म्हणाला होता! खरं तर बदलती चूक हीच या दोषाची मोठी खूण. शिवाय आपणहून सुटून गेलेला शब्द कुणी "म्हण बघू" म्हटलं की हमखास अडतो. त्यामुळे लिफ्टमध्ये लोक प्रेमाने विचारतात ना, "बाळा, नाव काय तुझं?", तोच प्रश्न त्याला सगळ्यात जड.

हजारात एक-दोन मुलांना हे असतं, असा अंदाज आहे. म्हणजे तुझ्या केंद्रातल्या शाळांत एखादं असूही शकेल, 'मंद' किंवा 'घुमा' म्हणून मागच्या बाकावर बसवलेलं.

सल्ल्यांची मात्र कमी नाही. वेखंड उगाळून चाटवा, फुगे फुगवायला द्या, शिट्टी वाजवायला लावा. फुंकरीने फुंकर सुधारते रे, बोलणं नाही. आमच्या थेरपिस्ट मोजकेच शब्द घेतात, त्याच्यासोबत अगदी सावकाश म्हणतात, गरज पडली तर हनुवटीला बोट लावून दिशा देतात, आणि तेच पुन्हा पुन्हा. आठवड्यातून एकदा जाऊन भागत नाही, हे सगळ्यात महागात पडतं. बोलण्याऐवजी चित्रांच्या कार्डांनी सांगू दिलं तर मूल आळशी होतं हीही भीती खोटी. आणि "कोणाकडून आलं?" हा नातेवाइकांचा आवडता प्रश्न! 2001 साली लंडनमधल्या एका कुटुंबात फॉक्सपी-टू नावाच्या जनुकातला बिघाड सापडला खरा, पण बहुतेक मुलांत कारण सापडतच नाही. आत्याबाईंना एवढं सांगूनही त्या सूनबाईच्या माहेरावर ठाम आहेत.

अमेरिकेतल्या पालकांनी 14 मे हा या दोषाचा जागृती दिवस म्हणून रुजवला. आपल्याकडे तो भर उन्हाळी सुट्टीत येतो, शाळा बंद. म्हणून आम्ही सोसायटीच्या गणपतीत, आरतीनंतर बोलायचं ठरवलं. मीनलला आपल्या लेकाचा व्हिडिओ दाखवायचा होता. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लोकांना पटत नाही, हे तिचं म्हणणं खोटं नाही. मी अडून बसलो. उद्या हाच मुलगा त्याच मांडवात क्रिकेटच्या टीमसाठी नाव द्यायला जाईल. दोषाबद्दल वाटेल तितकं बोलू, त्याच्या अडखळण्याचा खेळ नको. शेवटी मीनलच बोलली, व्हिडिओशिवाय. नंतर तळमजल्यावरच्या काकूंनी हळूच नातवाबद्दल विचारलं. पुढच्या आठवड्यात त्या वांद्र्याला वाचा-श्रवणदोषांसाठीच्या अली यावर जंग संस्थेत त्याला तपासायला घेऊन गेल्या. पेढ्यापेक्षा गोड वाटलं.

आता माझं मागणं. तुमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत पंधरा मिनिटं मिळवून दे, आणि अंगणवाडीच्या ताईंनाही बोलव, कारण बरेचदा पहिली शंका त्यांनाच येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. भाषाविकासातला विलंबही त्यांच्या यादीत आहे. पण तपासणीच्या घाईत गप्प बसलेलं पोर सहज नजरेतून सुटतं. "याला सगळं समजतं, पण बोलताना अडतो," एवढं वाक्य ताईंनी पथकाला सांगितलं तरी पुरे. मदतनिधी, सहानुभूती असलं काही मागणार नाही, हे केंद्रप्रमुखांना आधीच सांग. नाहीतर ते पाकीट तयार ठेवतील.

एक पानी माहितीपत्रक केलंय, सोबत पाठवतोय. मास्तरांच्या नजरेने वाच आणि जड वाटेल ते बिनधास्त खोड. शनिवार मिळाला तर बरं, मला रजा टाकावी लागणार नाही. अथर्वही येईल, तुझ्या विहिरीत पोहायचं आहे त्याला. वहिनींना नमस्कार.

तुझा,
निलेश