वय रोखणाऱ्या गोळ्या आणि ताटातला आवळा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हिवाळा लागला की मंडईत आवळा येतो आणि त्याच सुमारास ‘वय थांबवा’ म्हणत अँटिऑक्सिडंट (पेशींची झीज रोखणारे मानले जाणारे घटक) कॅप्सूलच्या जाहिरातीही वाढतात. या गोळ्या निरुपद्रवी आहेत असं समजून घरोघरी घेतल्या जातात, म्हणून हे पत्र.

फ्री रॅडिकल्समुळे, म्हणजे शरीरात तयार होणाऱ्या अस्थिर, चटकन प्रतिक्रिया करणाऱ्या कणांमुळे, पेशींची झीज होते आणि त्यातून म्हातारपण येतं, असा सिद्धांत डेन्हम हारमन यांनी 1956 मध्ये मांडला. त्यावरून ‘अँटिऑक्सिडंट जितकं जास्त तितकं चांगलं’ असा सोपा हिशेब निघाला. मोठ्या चाचण्यांत तो साफ चुकला. फिनलंडमध्ये 29 हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिलं; 1994 मध्ये निकाल आला तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त आढळला. पुढे अमेरिकेतल्या चाचणीत रोज 400 युनिट ‘ई’ जीवनसत्त्व (हेही अँटिऑक्सिडंटच) घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्के जास्त निघाला. हाच 400 चा आकडा आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या कॅप्सूलवर असतो. रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर इतक्या ‘ई’ने रक्तस्रावाचाही धोका वाढतो.

असं का होतं? एक संभाव्य कारण असं: थोडी फ्री रॅडिकल्स शरीराला हवीच असतात. व्यायामाने ती वाढतात आणि तो इशारा मिळाल्यावरच पेशी स्वतःची संरक्षक एन्झाइम्स जास्त बनवतात. वरून अँटिऑक्सिडंटचा मोठा डोस ओतला की हा इशाराच दबू शकतो.

आवळ्याची गोष्ट वेगळी. एका मध्यम आवळ्यात प्रौढ माणसाची ‘क’ जीवनसत्त्वाची दिवसाची गरज, म्हणजे सुमारे 80 मिलिग्रॅम, बहुतेक भागते. पण तो कसा खातो याला महत्त्व आहे. मोरावळ्यासाठी आवळे उकडून पाणी फेकलं की पाण्यात विरघळणारं ‘क’ बरंचसं मोरीत जातं आणि जोडीला आवळ्याइतकीच साखर पोटात येते. लोखंडी विळीवर चिरलेला आवळा काळा पडतो, कारण त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होतो. तांब्याच्या भांड्यात आवळ्याचा रस ठेवूच नये. ‘क’ झपाट्याने नासतं आणि आंबटपणामुळे तांबं रसात उतरतं. स्टीलच्या किसणीवर ऐन जेवायच्या वेळी किसावा, मीठ, जिरं, थोडं ओलं खोबरं घालावं आणि भाजी-भाकरीबरोबर खावा. त्या घासातलं लोहही त्यामुळे चांगलं शोषलं जातं.

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवणंही थांबवायला हवं. अशा तेलातून ऑक्सिडीकरण झालेले, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन बिघडलेले, घटक थेट पोटात जातात.

आपल्या वृत्तपत्राला एकच विनंती आहे. अशा कॅप्सूलची जाहिरात छापताना प्रत्येक घटकाचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये आणि ती कोणी घेऊ नये, हे ठळक अक्षरांत देण्याचा आग्रह धरावा.

आपली,
आहारशास्त्राची एक अध्यापिका, सातारा