माझी तारीख दोनदा पुढे ढकलणारा डॉक्टर

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत वजन कमी करायच्या ऑपरेशनवर अर्धं पान आलं होतं, एका बाजूला पोट सुटलेला माणूस, दुसऱ्या बाजूला तोच माणूस ढगळ पॅन्ट हातात धरून हसून राहिला, अन् खाली फोन नंबर. आमच्या बाजूच्या दुकानातला पोरगा ते पान घेऊन माझ्याकडे आला, म्हणे काका, हे खरं असते का, मी करून टाकू का दिवाळीच्या आधी. मी म्हटलं विचार करून सांगतो. आता त्याला काय माहीत की मी स्वतः सव्वा वर्षापूर्वी हेच ऑपरेशन करून बसलो आहे. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही म्हणून हे पत्र.

माझं इतवारीत धान्याचं ठोक दुकान आहे, वय 43, सकाळी दहा ते रात्री नऊ गादीवर बसून राहायचं काम. घरच्या वजनकाट्यावर एरर यायला लागलं तेव्हा एका रविवारी शटर अर्धं खाली ओढून मी तुरीचे कट्टे मोजायच्या काट्यावर चढलो. 134 किलो. म्हणजे अडीच कट्टे अन् वर नऊ किलो. शुगर नऊ वर्षांपासून, बीपीची गोळी, अन् रात्री घोरणं असं की बायको पोरीच्या खोलीत झोपायला गेली.

पहिल्यांदा गेलो ते असाच फोटो पाहून. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, धंतोली-रामदासपेठेत एवढी हॉस्पिटलं आहेत की शोधूनही सापडणार नाही. तिथे डॉक्टरच्या आधी एक काउन्सेलर मॅडम भेटल्या, चहा दिला, टॅबवर फोटो दाखवले, मग म्हणाल्या सर आज ॲडव्हान्स भरला तर पॅकेजमधे वीस हजार कमी होतील, शुक्रवारी स्लॉट खाली आहे. आम्ही मंगळवारी गेलो होतो! सर्जन साहेब भेटले ते चारच मिनिटं, मोबाईल टेबलावर वाजून राहिला होता, पोटाला हात लावला नाही, म्हणाले स्लीव्ह (जठर कापून लहान करायचं ऑपरेशन) करून टाकू. बायकोने विचारलं, डॉक्टर साहेब, यांना रात्री छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येते, त्याचं काय? तर म्हणे वजन उतरलं की सगळं जाते. मी तर पाकीट काढलंच होतं, बायको म्हणाली, अहो, पोरीचं लग्न जमवायचं असतं तर तुम्ही चार घरं पाहिली असती ना, चला आधी घरी.

दुसऱ्या डॉक्टरांकडे आमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांनी पाठवलं. त्यांनी पाऊण तास घेतला अन् त्यातला अर्धा वेळ तर तेच विचारून राहिले होते. जेवण किती वाजता, रात्री उठून खाता का, याच्या आधी वजन कमी करायला काय काय केलं, घरात कोणाला रक्ताच्या गाठी झाल्या होत्या का, दारू किती, तंबाखू किती. मी म्हटलं खर्रा, दिवसाला दोन-तीन. (पाच होते.) ते म्हणाले खर्रा बंद केल्यावर निदान सहा आठवडे गेल्याशिवाय मी तारीख देणार नाही. मला रागच आला, नागपुरात खर्रा सोडायला सांगणं म्हणजे काय असते हे ज्याला माहीत त्यालाच माहीत, गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे पण पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा अजूनही मिळतोच. दीड महिन्यानी गेलो, म्हटलं सोडला. डाएटिशियन ताईंनी फक्त एवढंच म्हटलं, काका, आ करा. दात लाल. तारीख पुढे गेली.

तेव्हा वाटलं हा माणूस छळून राहिला. पण मग त्यांनी कागदावर पेनाने काढून दाखवलं की वजनाचंच दुसरं ऑपरेशन असते बायपास (हृदयाचं नाही, पोटाचं), त्यात जठराच्या वरच्या भागाची साधारण 30 मिलीची छोटी पिशवी करतात, म्हणजे चहाच्या कटिंगपेक्षाही कमी, अन् तिला लहान आतडं जोडतात, बाकीचं जठर आतच राहते पण अन्न त्यातून जात नाही. तो जो जोड आहे तिथे निकोटिनमुळे रक्त कमी पोचते, जखम भरत नाही, पुढे अल्सर होतो. हे असं समजावलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, अन् शेवटी खर्रा सुटला तो त्या चित्रामुळे, ते अजून माझ्या गल्ल्यात आहे.

स्लीव्हचं सांगायचं राहिलं. स्लीव्हमधे जठराचा पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के भाग स्टेपलरने कापून बाहेरच काढतात, केळीसारखी नळी उरते, ते परत जोडता येत नाही. बऱ्याच लोकांना ते चांगलं लागू पडते, माझ्या साळ्याच्या ओळखीत एकाचं झकास झालं. पण ज्याला आधीच जोराची ॲसिडिटी आहे त्याची स्लीव्हनंतर वाढू शकते. माझी एन्डोस्कोपी केली तर छोटा हर्निया निघाला, अन्ननलिकेला खालून ॲसिडने सोललेलं, अन् वरून एच. पायलोरी नावाचे जंतू, त्याचा चौदा दिवसांचा कोर्स घ्यावा लागला. म्हणून माझ्यासाठी बायपास ठरलं. पहिल्या ठिकाणी एन्डोस्कोपीचं नावही निघालं नव्हतं, शुक्रवारी मी टेबलावर असतो.

मग बाकीच्या टेस्ट. सोनोग्राफी, टू डी इको, थायरॉइड, तीन महिन्यांची शुगर, बी 12, व्हिटॅमिन डी, आयर्न. एका मानसोपचार तज्ज्ञांकडे पण पाठवलं, मी म्हटलं मी काय येडा आहे का, तर तिथे चांगल्या गप्पा झाल्या, राग आला की काय खाता असं विचारलं अन् मला उत्तर द्यायला दोन मिनिटं लागली. अन् स्लीप स्टडी. रात्रभर डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून झोपायचं. रिपोर्टमधे आलं की तासाला 52 वेळा श्वास अडकून राहिला, 30 च्या वर असलं की गंभीर धरतात. म्हणजे मी ज्याला घोरणं समजत होतो ते हे होतं. त्यापायी तारीख आणखी एकदा पुढे गेली, आधी काही आठवडे सीपॅपचं (नाकातून हवा दाबून देणारं) मशीन लावून झोपा मग भूल देऊ असं भूलतज्ज्ञ मॅडमनी स्पष्ट सांगितलं. मशीन लावल्यावर पाचव्या रात्री बायको आपल्या खोलीत परत आली, एवढं एक काम तर ऑपरेशनच्या आधीच झालं.

विम्याचं पण लिहितो, पुरवणीत त्यावर एक ओळ नव्हती. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. माझी उंची 170 सेंटिमीटर, म्हणजे 46 च्या वर. आपल्याकडचे सर्जन बरीच वर्षं साधारण 37.5 च्या वर, किंवा शुगर-बीपीसारखा आजार सोबत असेल तर 32.5 च्या वर ऑपरेशन सुचवत आले, कंट्रोलमधे न येणारी शुगर असली तर त्याच्याही खाली, कारण आपल्या लोकांना कमी वजनातच शुगर पकडते. पण विम्याच्या नियमात आकडा 40, नाहीतर गंभीर आजार सोबत असेल तर 35, अन् आधी बाकीचे उपाय करून फेल झाले पाहिजेत. म्हणजे 34 वाला शुगरचा पेशंट मधल्या मधे लटकला, डॉक्टर कर म्हणते अन् कंपनी नाही म्हणते. मला टीपीएने (विम्याचे क्लेम तपासणारी कंपनी) जुन्या डाएटचे कागद मागितले, माझ्याकडे जिमची एक पावती होती, तीही बायकोच्या नावाची. शेवटी फॅमिली डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या अन् स्लीप स्टडी कामी आली. तेव्हा ज्यांना करायचं आहे त्यांनी आत्तापासून प्रत्येक चिठ्ठी सांभाळा, अन् पॉलिसीत या ऑपरेशनला किती वर्षांचा वेटिंग पिरियड आहे ते आधी वाचा.

हा बाजूच्या दुकानातला पोरगा 108 किलोचा आहे पण सहा फूट उंच, माझ्या हिशोबाने त्याचा बीएमआय 32 च्या आसपास, आजार काही नाही. त्याला बहुतेक हे ऑपरेशन लागतच नाही. तुमच्या अर्ध्या पानात हा एक आकडा असता तर त्याला माझ्याकडे यावंच लागलं नसतं.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त प्रोटीनचं पाणी, ताक, सूप, थोडी भाजी, दिवसाला 800 ते 1000 कॅलरी. माझं लिव्हर चरबीने सुजलेलं होतं अन् ते जठराच्या वरच बसलेलं असते, ते आकसलं नाही तर दुर्बिणीला आतलं नीट दिसत नाही. या दिवसांत शुगरच्या गोळ्या पण डॉक्टरांनी कमी केल्या, नाहीतर चक्कर येऊन पडलो असतो, हे आपल्या मनाने करू नका. अन् माझे दोन आठवडे आले नेमके पोळ्यात. घरात पुरणपोळी, वडे, अन् मी शेकर हलवून राहिलो. दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, आमच्या दुकानासमोर ही गर्दी, सगळे ओरडून राहिले इडा पीडा घेऊन जा गे मारबत, मीही हळूच म्हटलं, चाळीस किलो घेऊन जा गे मारबत.

डॉक्टर निवडताना मी काय विचारलं ते सांगतो, यातलं अर्धं बायकोनेच विचारलं होतं. हेच ऑपरेशन तुम्ही स्वतः किती केले, अन् त्यात लीक (टाक्यातून नाहीतर जोडातून आतलं पोटात गळणं) किती झाले. (जो म्हणेल एकही नाही, त्याने एकतर फार कमी केले असतील नाहीतर तो खोटं बोलून राहिला.) ऑपरेशन तुम्हीच करणार की महिन्यातून एकदा बाहेरगावाहून येणारे कोणी करून संध्याकाळच्या विमानाने परत जाणार. रात्री आयसीयूत डॉक्टर असतो का. सहाव्या दिवशी रात्री दोन वाजता नाडी 120 च्या वर गेली, ताप आला, पोटात नाहीतर खांद्यात दुखलं तर फोन कोण उचलणार, कारण लीकची अशीच सुरुवात होते अन् तेव्हा पेशंट घरी आलेला असतो. पॅकेजमधे स्टेपलरच्या कार्ट्रिज धरल्या का, खर्चाचा मोठा भाग तोच असतो. दुसऱ्या डॉक्टरांनी यातल्या एकाही प्रश्नावर तोंड वाकडं केलं नाही, लीकचा आकडा सांगितला, तो पेशंट कसा वाचला तेही सांगितलं. अन् दुसरीकडे विचारून या म्हणाले. तसा सेकंड ओपिनियन हा पेशंटचा हक्कच आहे, अन् 2021 च्या नियमांप्रमाणे महाराष्ट्रातल्या खाजगी हॉस्पिटलांनी रुग्ण हक्क सनद अन् दरपत्रक दर्शनी भागात लावायलाच पाहिजे, पण कोण वाचते, मीही लिफ्टची वाट पाहताना वाचलं.

ऑपरेशन तसं सोपं गेलं, त्याच संध्याकाळी चालवलं, पायात गाठ होऊ नये म्हणून पोटात सुया. खरी मजा नंतर. पाणी घटाघटा पिणं आयुष्यातून गेलं, नागपूरचा मे महिना, बाहेर 45 अन् मी माठासमोर बसून घोट घोट घेऊन राहिलो, जेवणासोबत तर पाणीच नाही, अर्ध्या तासाने. तिसऱ्या महिन्यात केस एवढे गळले की न्हाव्याने विचारलं काही झालं का साहेब. एकदा कोणी संत्रा बर्फी आणली, मी दोन तुकडे तोंडात टाकले, वीस मिनिटांत घाम, छाती धडधड, गादीवरच आडवा झालो, माणसं पाणी घेऊन धावली. याला डम्पिंग म्हणतात, बायपासवाल्यांना गोडाने होते. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन, बी 12, आयर्न, कॅल्शियम, डी हे आयुष्यभर, रक्त तपासणी आयुष्यभर, अंगदुखीच्या साध्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. दारू पिणाऱ्यांनी तर नीट विचार करावा, बायपासनंतर ती लवकर अन् जास्त चढते.

आज मी 91 किलो आहे, शुगरची एक गोळी उरली, मशीन सुटलं. ऑपरेशन वाईट आहे असं मला म्हणायचंच नाही. पण साहेब, तुम्ही यावर पुन्हा छापाल तेव्हा ज्याला दोन वर्षं झाली त्याला विचारून छापा, त्याचा बी 12 किती आहे, वजन परत किती चढलं, डॉक्टर अजून फोन उचलतो का. अन् जाहिरात असेल तर वर ठळक अक्षरात जाहिरात लिहा, आम्ही ते बातमी समजून वाचतो.

माझं नाव छापू नका. मार्केटमधे मी सगळ्यांना सांगितलंय की सकाळी अंबाझरीला फिरायला जातो म्हणून उतरलो, तरी दोघा-तिघांनी हळू आवाजात विचारलंच की भाऊ, काही मोठी बिमारी तर नाही ना. तो पोरगा रोज दुपारी माझ्याच दुकानात बसून तुमचा पेपर वाचतो. वाचेल तेव्हा ओळखेल, मग बोलू.

आपला,
एक वाचक, इतवारी, नागपूर