ट्रंकेत काही कागद आहेत का?

प्रति,
मा. मंत्री महोदय,
माजी सैनिक कल्याण, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : दिवंगत सैनिकांची खासगी कागदपत्रे आणि हयात सैनिकांच्या मुलाखती यांबाबत.

महोदय,

मी पुण्यात अभिलेखपाल म्हणून काम करते. माजी सैनिकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, त्या कागदावर उतरवणे, आणि त्यांच्या घरांतून आलेली पत्रे, रोजनिश्या, छायाचित्रे व डिस्चार्ज बुके (सेवामुक्तीच्या पुस्तिका) यांची नोंद करून ती अभ्यासकाला मागता येतील अशी लावून ठेवणे, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. आमचा संग्रह लहान आहे. हे पत्र त्याच्या वतीने लिहिलेले नाही आणि अनुदानासाठी तर नाहीच. आपल्या खात्याच्या हातात असलेली, जवळजवळ बिनखर्चाची एक गोष्ट मागायची आहे, म्हणून लिहीत आहे.

माजी सैनिक वारला की त्याच्या पत्नीला ओळखपत्रासाठी, कुटुंब निवृत्तिवेतनातील अडचणींसाठी किंवा मदतीच्या अर्जासाठी केव्हा ना केव्हा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढावी लागते. तिथे तिच्याकडे मृत्यूचा दाखला मागतात, पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश) मागतात, पासबुकाची झेरॉक्स मागतात. घरी त्यांची पत्रे आहेत का, डायरी आहे का, ट्रंकेत काही कागद आहेत का, हे मात्र कोणी विचारत नाही. पुढे वर्षा-दोन वर्षांत सोसायटी पुनर्विकासाला जाते, मुले भाड्याच्या दोन खोल्यांत सामान हलवतात, आणि काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा व नाव रंगवलेली ती ट्रंक भंगारात आणि आतले कागद रद्दीत जातात. अर्जाच्या नमुन्यात हा एक प्रश्न घालावा आणि उत्तर ‘आहेत’ असे आले तर पुढे काय करायचे हे ठरवून द्यावे, एवढीच माझी विनंती आहे. ती करण्यामागची कारणे थोडी सविस्तर मांडते.

अशा ट्रंका पुण्यात इतक्या का, हे आपल्याला सांगायला नकोच. दक्षिण कमांडचे मुख्यालय इथे, बॉम्बे सॅपर्स हे लष्करी अभियंत्यांचे दल खडकीला, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्याला. सैनिक बदलीवर येथे येतो आणि निवृत्त झाल्यावर येथेच घर करतो. काही जण मात्र वेगळ्या वाटेने आले. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून पुण्यात आहे, अपंग सैनिकांना हाताला धंदा शिकवणारी क्वीन मेरी संस्था १९१७ मध्ये सुरू झाली आणि आज खडकीत आहे, आणि कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या सैनिकांसाठीचे पुनर्वसन केंद्रही १९७४ पासून खडकीतच आहे. पाय गमावलेला जवान उपचाराला पुण्यात आला, काम शिकला आणि गावी परत न जाता इथेच राहिला, अशी कितीतरी कुटुंबे मला भेटली आहेत.

त्यांपैकी एका कुटुंबाने मला माझे काम शिकवले, तेही माझ्या चुकीतून. नोकरीचे दुसरे वर्ष होते. १९७१ च्या युद्धात पश्चिम सीमेवर जखमी झालेल्या एका हवालदाराची त्रेचाळीस पत्रे त्यांच्या पत्नीने आम्हाला दिली. बहुतेक सगळी आंतर्देशीय पत्रे, वर ५६ एपीओ या लष्करी टपाल कार्यालयाचा पत्ता, नाडीने बांधलेला एकच गठ्ठा. तारखा उलटसुलट दिसल्या म्हणून मी उत्साहाने नाडी सोडली, गंजलेल्या टाचण्या काढल्या, पत्रे तारखेप्रमाणे लावली, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घातली आणि पेन्सिलीने क्रमांक टाकले. महिन्याने त्या बाई पाहायला आल्या. पाकिटे चाळता चाळता एका पत्रापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘हे इथे कसं? हे तारेनंतरचं आहे.’ पत्रावरची तारीख तारेच्या सहा दिवस आधीची होती. पण जखमी झाल्याची तार गावी आधी पोहोचली, आणि ‘मी खुशाल आहे, काळजी करू नये’ हे पत्र चार दिवसांनी आले. घरात कोणी तारीख पाहिली नाही. तार चुकीची होती असे समजून सासूने देवापुढे साखर ठेवली. खरे काय ते कळायला आणखी अकरा दिवस गेले.

गठ्ठा पत्रे हाती आली त्या क्रमाने लावलेला होता. त्या पंधरा दिवसांत त्या घराने काय सोसले याचा पुरावा त्या क्रमात होता, आणि तो मी मोडला होता. मूळ क्रम मोडू नये हा आमच्या शास्त्रातला पहिला धडा, मला तो पाठही होता. त्यांनी माझ्यासमोर बसून आठवेल तसा क्रम पुन्हा लावून दिला. नऊ पत्रांची जागा त्यांनाही आठवली नाही. आमच्या सूचीत त्या नऊ पत्रांपुढे ‘क्रम अनिश्चित, कारण अभिलेखपालाची चूक’ अशी नोंद आजही आहे.

हे सांगण्यामागे हेतू आहे. कागद वेळेवर आले आणि ते देणारे माणूस हयात असले, तर माझ्यासारखीची चूकसुद्धा निदान अर्धीमुर्धी सुधारता येते. नातवाने रद्दीवाल्याकडून परत आणलेल्या पिशवीबाबत असे काही करता येत नाही.

मुलाखतींचेही तसेच आहे. १९६२ साली अठरा वर्षांचा असलेला शिपाई आज ऐंशीच्या पुढे आहे आणि १९७१ चा विशीतला जवान पंचाहत्तरीच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धात इटलीत किंवा ब्रह्मदेशात लढलेल्या मराठा पलटणींतील माणसे आता मुलाखतीला मिळणे जवळपास अशक्य झाले आहे. त्या पिढीची जी पत्रे आमच्याकडे आहेत त्यांतील काही मोडीत आहेत, काही पलटणीत शिकलेल्या रोमन उर्दूत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या उर्दूत, आहेत, आणि ती वाचून दाखवणारे कोणी आता घरात उरलेले नाही. पेठेत राहणाऱ्या एका कुटुंबाने तर मला कोरी दाखल-नोंद करायला लावली : ‘आजोबांची आफ्रिकेतून आलेली पत्रे, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात गेली.’ कागद नसताना नोंद करण्याची पद्धत नाही, पण मी ती केली.

मुलाखत घेणे हे रेकॉर्डर चालू करण्याइतके सोपे नसते, हेही आपल्या नजरेस आणले पाहिजे. एका तासाचे बोलणे अचूक उतरवायला आम्हाला सात-आठ तास लागतात. बोलणाऱ्याची मराठी सातारी किंवा कोल्हापुरी, तिच्यात फौजी हिंदी आणि त्यात रुळलेले इंग्रजी, अशी ती भाषा असते. बाहेरून करून घेतलेल्या एका उताऱ्यात ‘तीन इंची मॉर्टर’चे ‘तीन इंची मोटार’ झाले होते आणि ‘रात्रभर ओपीवर होतो’ याचे ‘रात्रभर ओपीडीत होतो’. म्हणजे शत्रूवर नजर ठेवणाऱ्या चौकीतून तो माणूस थेट दवाखान्यात पोहोचला. संगणकाकडून उतरवून घेतले तर याहून मौजेचे काही हाती येते. म्हणून फौजेची भाषा जाणणारा माणूस लागतो, आणि असा माणूस माजी सैनिकांतच मिळतो.

शिवाय बोलणारा सगळेच बोलतो असे नाही. एका निवृत्त सुभेदारांना त्यांच्या सेक्शनमधल्या एका मुलाविषयी मी विचारले. टेपवर त्यानंतर बावन्न सेकंद फक्त पंख्याचा आवाज आहे, मग स्टुलावर पेला ठेवल्याचा आवाज, आणि मग ‘पुढचं विचारा.’ उतरवून घेताना आम्ही ते बावन्न सेकंद लिहिले, वगळले नाहीत. दुसऱ्या एका गृहस्थांनी आपल्या अधिकाऱ्याविषयी जे सांगितले ते, त्या अधिकाऱ्याची मुले हयात आहेत तोवर, कोणालाही ऐकवायचे नाही अशी अट घातली. ती ध्वनिमुद्रिका लाखबंद आहे. प्रत्येक घराशी आम्ही असा लेखी करार करतो : काय उघडे, काय बंद, किती वर्षे. हा करार नीट केला नाही तर लोक पुढच्या वेळी दार उघडणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच असेल.

आता सरकारी बाजू. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्ध-इतिहासाचे धोरण मंजूर केले. त्यानुसार युद्ध-रोजनिश्यांसारखे अभिलेख साधारणतः २५ वर्षांनी खुले करण्याचा विचार व्हायचा आणि तपासणीनंतर ते राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जायचे. हे स्वागतार्हच आहे. पण ते धोरण, किंवा १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम, सरकारी कागदांविषयी आहे. हवालदाराने बायकोला लिहिलेले पत्र या दोहोंच्या कक्षेत येत नाही आणि म्हणून कोणाचीच जबाबदारी ठरत नाही.

उलट एका कायद्याची भीती मात्र घराघरांत आहे, तो म्हणजे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम. ट्रंकेत सीमेवरचा जुना नकाशा किंवा हाताने काढलेला खंदक-मोर्च्यांचा कच्चा आराखडा निघाला की कुटुंब घाबरते, आणि नकाशाबरोबर डायरीही चुलीत जाते. एका घरी मी पोहोचले तेव्हा अंगणातली राख अजून गरम होती. असा कागद निघाल्यास तो न उघडता कोणाकडे द्यायचा आणि बाकीचे खासगी कागद निर्धास्तपणे ठेवता येतात का, याचे दक्षिण कमांडच्या सल्ल्याने तयार केलेले एक पानी, सोप्या मराठीतले मार्गदर्शन आपल्या कार्यालयांत लावले, तर किती डायऱ्या वाचतील.

परदेशात काय चालते हे सांगण्याचा मला फारसा सोस नाही, पण एक-दोन गोष्टी उपयोगाच्या आहेत. लंडनचे इम्पिरियल वॉर म्युझियम १९७२ पासून सैनिकांचे आवाज जमवत आहे. अमेरिकेच्या संसदेने २००० साली कायदा करून तेथील राष्ट्रीय ग्रंथालयावर ही जबाबदारी सोपवली, आणि तेथे मुलाखती बहुतांशी स्वयंसेवकच घेतात. अट असते ती किमान तीस मिनिटांची. आपल्याबाबत लंडनमध्ये जे आहे ते अधिक बोचणारे आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून हिंदी सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रे सेन्सॉरने वाचली, त्यांचे इंग्रजी उतारे करून अहवालांत घातले, आणि ते अहवाल आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बहुतेक मूळ पत्रे गावोगाव गेली आणि नाहीशी झाली. म्हणजे शिपायाचे शब्द वाचायचे तर ते त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्याच्या भाषेत.

आणि सैनिकांचे कागद असे नाहीसे होत आहेत ते पुण्यात, जिथे पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, दगडी इमारतीत जपून ठेवलेले आहेत. अठराव्या शतकातील पागेच्या घोड्यांना दाणावैरण किती लागली हे शोधायचे तर कागद सापडतो. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा–राजौरी रस्त्यावर सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी सुरुंग काढत रणगाड्यांना वाट करून दिली, त्यासाठी त्यांना परमवीर चक्र मिळाले आणि त्यांच्या पराक्रमाचा अधिकृत मजकूर उपलब्ध आहे. त्यांच्याबरोबर जमिनीला छाती लावून तेच काम करणाऱ्या सॅपरांनी त्या आठवड्यात घरी काय लिहिले, ते शोधायला कुठे जायचे?

व्यवहाराचे बोलायचे तर आपले खाते आणि पुराभिलेख संचालनालय ही दोन दारे एकमेकांकडे उघडत नाहीत, एवढीच अडचण आहे. आपल्याकडे सैनिकांचे पत्ते आहेत आणि विश्वास आहे. संचालनालयाकडे कागद जपण्याचे ज्ञान आहे आणि पुण्यात जागा आहे. ते सांस्कृतिक कार्य विभागाखाली येते, म्हणून या पत्राची प्रत त्या विभागाच्या मंत्र्यांनाही पाठवत आहे. अर्जातील त्या प्रश्नाला ‘आहेत’ असे उत्तर आले की जिल्हा कार्यालयाने महिनाभरात संचालनालयाला कळवावे, कागद देण्याची सक्ती कोणावर नसावी, कुटुंबाला हवे असल्यास मूळ कागद त्यांच्याकडेच ठेवून फक्त स्कॅन घ्यावे, आणि अटी कुटुंबाच्या असाव्यात. दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीसाठी आपली कार्यालये गावोगाव पोहोचतात, त्याच फेरीत हयात सैनिकांनाही मुलाखतीविषयी विचारता येईल. सुरुवातीला एकट्या पुणे जिल्ह्यात सहा महिने करून पाहावे. आणि कृपा करून तोवर एक सूचना तरी सर्वत्र जावी : जुनी प्रमाणपत्रे लॅमिनेट करू नयेत. प्रेमापोटी केलेल्या त्या प्लास्टिकखाली मी शाई पसरलेली आणि कागद तपकिरी झालेला पाहिला आहे, आणि तो त्यातून सहसा सोडवता येत नाही.

येत्या गुरुवारी मी वानवडीतील एका घरी जाणार आहे. इमारत महिनाअखेर रिकामी करायची आहे. मुलगी परदेशातून दहा दिवसांसाठी आली आहे आणि माळ्यावरच्या ट्रंकेची किल्ली सापडत नाही. तिला आमच्याविषयी शेजाऱ्यांकडून, योगायोगाने, कळले. कुलूपवाल्याला मी सकाळी दहाला बोलावले आहे.

आपली विश्वासू,
एक अभिलेखपाल,
पुणे