लष्करी गाड्यांचा मेळा नागपुरात भरवा, अन् मुक्कामाची परवानगी द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की विंटेज गाड्यांच्या रॅलीचे फोटो पेपरात यायला लागतात, चकचकीत मॉरिस, ऑस्टिन, जुनी फियाट, फेटे बांधलेले मालक, आणि त्या रांगेत शेवटी कुठेतरी एक जीप उभी असते जिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. माझं हे पत्र त्या जीपसाठी आहे. माझं म्हणणं असं की जुन्या लष्करी गाड्यांचा वेगळा मेळा नागपुरात भरला पाहिजे, तो तीन दिवसांचा असला पाहिजे, आणि गाडीवाल्यांना अन् पाहायला येणाऱ्यांनाही तिथेच ग्राउंडवर तंबू लावून राहू दिलं पाहिजे. मुक्कामाचं ऐकलं की लोकांना वाटतं हे फालतू लाड आहेत, म्हणून त्याबद्दलच जरा सविस्तर लिहितो.

आता काय होतं, २६ जानेवारीला किंवा एखाद्या प्रदर्शनात लष्करी गाड्या आणतात, चुन्याने चौकट आखलेली असते, दोरी बांधलेली असते, लोक समोर उभं राहून फोटो काढतात, पोट्टे विचारतात बाबा हे किती स्पीडने जाते, बाबांना माहीत नसतं, मागून गर्दी ढकलते की चला पुढच्या गाडीकडे. चौकात आणि कॉलेजांच्या आवारात जे रणगाडे ठेवलेत त्यांची हालत तर याहून वाईट, गंजावरच नवा रंग, झाकणं वेल्ड करून बंद, आत काय आहे ते कोणाला दिसायचंच नाही. अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम मात्र फार चांगलं आहे, १९९४ पासून आहे, मॅटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन, चेन्नईजवळच्या आवडी गावी बनलेला आपला विजयंता, आणि पाकिस्तानकडून हाती लागलेला पॅटन, हे सगळं एका आवारात. शिर्डीला जाणाऱ्या प्रत्येक नागपूरकराने थोडी वाट वाकडी करून ते पाहावंच. पण तिथेही गाड्या उभ्या आहेत. चालू इंजिनाच्या गाडीपाशी उभं राहणं, तिचा वास, तिचं थरथरणं, त्या माणसाला विचारणं की हे लिव्हर कशाचं, हे वेगळंच असतं.

मुलगी इंग्लंडला असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा जावयांनी केंटमधल्या बेल्ट्रिंगला नेलं. तिथे हॉप फार्म म्हणून मोठी जागा आहे, बिअरमध्ये घालतात ती हॉपची फुलं सुकवायच्या जुन्या भट्ट्या आहेत टोकदार छपरांच्या, आणि बाजूच्या कुरणांमध्ये वॉर अँड पीस नावाचा लष्करी गाड्यांचा शो कित्येक वर्षं जुलैमध्ये भरत आला, जगातल्या सगळ्यात मोठ्या शोंपैकी एक. आम्ही तिथेच तंबूत राहिलो. दिवसा जे चालतं ते भारीच असतं, रिंगणात रणगाडे फिरतात, धूळ, धूर, माइकवर माहिती देणारा माणूस. पण संध्याकाळी तिकीटवाली गर्दी निघून गेली की राहतात फक्त मुक्कामाचे लोक, आणि तिथून पुढे जे पाहिलं त्यासाठीच हे पत्र लिहितोय.

प्रत्येक गाडीला लागून मालकाचा तंबू, कोणी जीपच्या हूडलाच ताडपत्री बांधून खाली खाट टाकलेली, कोणी ट्रकच्या मागच्या डाल्यातच झोपतो, बायको पोरं कुत्रं सगळं घर आलेलं, स्टोव्हवर स्वयंपाक चाललाय, आणि तुम्ही कोणाच्याही गाडीपाशी जाऊन उभे राहिलात की तो माणूस हातातलं काम टाकून बोलायला लागतो. एका आजोबांनी टॉर्च आणून मला त्यांच्या जीपच्या बोल्टच्या डोक्यावरचं बारीकसं एफ अक्षर दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात जीप विलीज या अमेरिकन कंपनीने बनवली आणि तेच डिझाइन घेऊन फोर्डनेही बनवली, दोघांच्या मिळून सहा लाखांच्या वर जीप निघाल्या, आणि फोर्डने आपल्या पार्टवर, अगदी बोल्टवरसुद्धा, एफ ठोकला. विलीजच्या सुरुवातीच्या जीपला समोरची जाळी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली होती, फोर्डने एकाच पत्र्यात नऊ फटी दाबून काढल्या, ते हलकं आणि स्वस्त पडलं म्हणून मग विलीजनेही तेच घेतलं. हे सगळं ते बोट ठेवून दाखवत होते, हात लावून पाहा म्हणत होते. आमच्या देशात महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली हे मी सांगितलं तर त्यांनी माझ्यासाठी खुर्चीच ओढली, मग रात्री उशिरापर्यंत जावईच आमचे दुभाषी. दिवसाच्या गर्दीत हे शक्य नव्हतं. चार वाजता आलेला माणूस गाडी पाहतो, मुक्कामाला राहिलेला माणूस गाडीवाल्याला ओळखायला लागतो.

आणि तिथे मोकाट कारभार नव्हता हेही सांगतो, कारण आपल्याकडे पहिला प्रश्न हाच येईल. गाडीपाशी आग विझवायचं सिलिंडर, तेल गळून जमीन खराब होऊ नये म्हणून इंजिनाखाली ट्रे, चूल थेट गवतावर पेटवायची नाही तर पाय असलेल्या लोखंडी पाट्यात, रात्री ठराविक वेळेनंतर जनरेटर बंद, आणि लोक फिरत असताना गाडी हलवायची असेल तर एक माणूस पुढे पायी चालणार आणि गाडी त्याच्या मागे त्याच्याच चालीने. पंचवीस-तीस टनांचं धूड असं एका माणसाच्या मागे हळूहळू चाललेलं पाहून मला फार बरं वाटलं. बाजूला सुट्या भागांचा बाजार होता तोही तसाच, ताडपत्रीवर कार्ब्युरेटर, डायनॅमो, मेणकागदात गुंडाळलेले ग्रीस लावलेले बेअरिंग जे युद्धानंतर कोणी उघडलेच नाहीत, तीन मुठींचे जेरीकॅन, म्हणजे पेट्रोल न्यायचे लोखंडी डबे. त्या तीन मुठी उगाच नाहीत बरं का, भरलेला कॅन दोघांना मिळून धरता येतो आणि रिकामे दोन कॅन एकाला एका हातात नेता येतात.

हे काही एकट्या इंग्लंडचं वेड नाही. ऑस्ट्रेलियात कोरोवा नावाचं काही हजार वस्तीचं गाव आहे मरे नदीवर, तिथे १९८० पासून मार्चमध्ये लष्करी गाड्या जमतात, सुरुवात पाण्यात उतरणाऱ्या जीपवाल्यांनी केली, सगळे नदीकाठी कॅम्प करतात आणि गाव त्यावर चार पैसे कमावतं. फ्रान्समध्ये नॉर्मंडीला, जिथे ६ जून १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या फौजा उतरल्या, तिथे दरवर्षी त्या तारखेच्या आसपास लोक स्वतःच्या जीप बोटीत घालून जातात, शेतात तंबू टाकतात. कोरोवासारख्या गावाला जमतं ते नागपूरला का जमू नये?

उलट नागपूरएवढी चांगली जागा देशात शोधून सापडणार नाही असं मी म्हणतो. कामठीची छावणी १८२१ ची, गार्ड्स रेजिमेंटल सेंटर तिथे आहे. अंबाझरीला ऑर्डनन्स फॅक्टरी, वायुसेना नगरला हवाई दलाची मेंटेनन्स कमांड, आणि पावणेतीनशे किलोमीटरवर जबलपूर, जिथे मॅन या जर्मन कंपनीच्या लायसन्सवर शक्तिमान ट्रक बनला आणि १९६९ पासून १९९९ पर्यंत जोंगा बनली. जोंगा म्हणजे निस्सान कंपनीच्या पॅट्रोल नावाच्या जीपसारख्या गाडीचं आपलं रूप, जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पेट्रोल पिते पण कुठेही चढते. रांचीत धोनी जोंगा चालवताना दिसला तेव्हा कुठे आजच्या पोरांना हे नाव कळलं. आणि ती बनवणारे, चालवणारे, दुरुस्त करणारे लोक आपल्या विदर्भातच राहतात, ईएमई म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातून रिटायर झालेले हवालदार, ऑर्डनन्सचे फिटर, ज्यांनी शक्तिमान डबल क्लच मारत डोंगरात नेलेत. आता हे लोक सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना स्टेजवर बसवून शाल-श्रीफळ दिलं तर ते दोन वाक्यं बोलून खाली बसतील, पण तीन दिवस एका शक्तिमानपाशी खुर्ची टाकून द्या आणि चार पोट्टे बाजूला बसवा मग पाहा, चोक कधी ओढायचा अन् थंडीत हँडल मारताना अंगठा कुठे ठेवायचा नाही हे सगळं निघेल.

अब्दुल हमीद यांचं नाव प्रत्येकाला माहीत आहे, सप्टेंबर १९६५, असल उत्तर, पॅटन रणगाडे उडवले, परमवीर चक्र. पण त्यांनी ते जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस, म्हणजे मागे झटका न देणाऱ्या तोफेतून उडवले हे वाचणं वेगळं, आणि ती एवढीशी उघडी जीप, ना चिलखत ना छप्पर, समोर पॅटन उभा करून पाहणं वेगळं. शाळेतल्या पोरांना ही दोन वाहनं एकमेकांच्या बाजूला दाखवा, मग धडा शिकवायची गरज राहणार नाही.

आता अडचणी. पहिली रंगाची. मोटार वाहन नियमांमध्ये १२१ वा नियम आहे, संरक्षण खात्याशिवाय कोणाच्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. सुरक्षेसाठी हे बरोबरच आहे, मी त्याविरुद्ध बोलत नाही. पण ज्याने बाप जपावा तशी जुनी जोंगा जपली त्याला ती निळी नाहीतर पांढरी रंगवावी लागते. दुसरी अडचण नोंदणीची. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले, व्हीए सिरीजचा नंबर, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, प्रदर्शन अन् रॅलीसाठी रस्त्यावर काढता येते, रोज फिरवता येत नाही. चांगला निर्णय होता. पण तो फक्त दुचाकी-चारचाकीला आहे, आणि पन्नास वर्षं मोजायची ती पहिल्या रजिस्ट्रेशनपासून. लिलावात घेतलेली लष्करी गाडी आरटीओच्या कागदावर येते तीच मुळी फौजेत कित्येक वर्षं घासल्यावर, मग तिचं वय मोजायचं कुठून? माझी मागणी आहे की लष्करी गाड्यांचं वय बनल्याच्या वर्षापासून धरा, सहाचाकी ट्रकलाही आत घ्या, आणि व्हीए नंबरच्या गाडीला ट्रेलरवर झाकून आणून मैदानाच्या आत मूळ रंगात उभं करायची लेखी परवानगी ठेवा. रस्त्यावर ऑलिव्ह ग्रीन दिसणार नाही, सुरक्षेलाही धक्का नाही. हे नाही केलं तर उरलेल्या गाड्या भंगारवाल्याच्या गॅस कटरखाली जातील, बऱ्याच गेल्याही.

जागेबद्दल एक कळकळीने सांगतो. काळ्या मातीचं शेत घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे अवकाळी पाऊस येतोच कधीमधी, आणि काळ्या मातीत पाच टनांचा ट्रक रुतला की तो काढायला दुसरा नेला तर दोन्ही रुततात. मुरमाचं ग्राउंड बघा, थोडं उताराचं, शहराबाहेर, म्हणजे रात्री आवाजाची तक्रार नाही. मुरमात लाकडी खुंट्या जात नाहीत, लोखंडी लागतात, तणावे नीट ताणा. रात्री आठ-दहा डिग्रीपर्यंत उतरतं, नुसत्या चादरीवर झोपायला येऊ नका, खाली जाड सतरंजी लागतेच कारण थंडी जमिनीतून वर येते. तंबू संडासापासून आणि जनरेटरपासून लांब पण नळापासून जवळ हे बघून जागा धरायची, त्यासाठी आदल्या दिवशी पोचावं. आणि आयोजकांनी बायकांसाठी स्वच्छ संडास, उजेड आणि रात्रभर पहारा याची सोय पहिल्या दिवसापासून करावी, ती नसेल तर फक्त पुरुषांचा घोळका जमतो आणि कुटुंबं फिरकत नाहीत, मग तो मेळा राहत नाही. जेवणाची काळजी मला नाही, तर्री पोहे अन् सावजीवाले स्वतःच येतील.

एक गोष्ट मात्र तिकडून आणू नये. तिथे हौशी लोक जुन्या सैन्याच्या वर्द्या घालून खंदक खणून बसतात, काही जर्मन वर्दीतही असतात. मला ते पटलं नाही. ज्याने शपथ घेतली नाही त्याने वर्दी घालू नये. आपल्याकडे गाड्या असू द्या, तंबू असू द्या, साधे कपडे असू द्या, आणि ज्यांनी खरंच वर्दी घातली होती ते आजी-माजी सैनिक त्यांची मेडल लावून येऊ द्या. हत्यारंही नकोत, ती दाखवायची असतील तर फौजेने स्वतः दाखवावी.

जिल्हाधिकारी कार्यालय, कामठीचे लष्करी अधिकारी, आरटीओ आणि शहरातले विंटेज गाडीवाले यांनी या पावसाळ्यात एकत्र बसून जागा ठरवली तर पुढच्या हिवाळ्यात पहिला मेळा होऊ शकतो. पहिल्या वर्षी पंधरा-वीस गाड्या आल्या तरी चालेल. विदर्भात कोणाच्या वाड्यात, गोठ्यात, शेडमध्ये अशी जीप, जोंगा, निस्सानचा वन टन किंवा शक्तिमान ताडपत्रीखाली पडला असेल तर त्यांनी आपल्या पेपरकडे कळवावं आणि आपण ती यादी छापावी ही विनंती. आधी किती गाड्या उरल्यात ते तरी कळेल.

आपला,
एक नियमित वाचक
नागपूर