तक्रार: डेटा लाइनवरचं बोलणं ऐकणारा आपला बस मॉनिटर दाखवत असलेल्या खोट्या सीआरसी (बाइट बिघडले का याची तपासणी) एररबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक सेवा विभाग

महोदय,

आपल्या सेवा केंद्राचा फोन आत्ताच ठेवला आणि लगेच तिकीट 'रिझॉल्व्ह्ड' झाल्याचा मेसेज आला. म्हणून थेट आपल्याला लिहितो. माल आपलाच आहे, तेव्हा मॉडबस या यंत्रांच्या आपसातल्या बोलण्याच्या पद्धतीची ओळख करून देत बसत नाही.

आमच्या दूध शीतकरण केंद्रात आरएस-४८५ची एक डेटा लाइन आहे. तिच्यावर टाक्यांचे टेम्परेचर कंट्रोलर, चिलरचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि एक एनर्जी मीटर. वेग ९६०० बॉड, इव्हन पॅरिटी. रात्री मध्येच स्काडावर (देखरेखीच्या संगणकावर) टाकीचं तापमान आहे तिथेच अडकायचं आणि 'नो रिस्पॉन्स' यायचं. लाइनवर कोण बोलतंय नि कोण गप्प बसतंय ते बघायला आपला मॉनिटर घेतला. खोक्यावर 'मायक्रोसेकंद टाइमस्टॅम्प' छापलंय. लॉगमधली वेळ मात्र १६ मिलिसेकंदांच्या उड्या मारते.

९६०० बॉडला साडेतीन कॅरेक्टरची शांतता म्हणजे जेमतेम ४ मिलिसेकंद. फ्रेम, म्हणजे एक पूर्ण संदेश, कुठे संपली ते त्या शांततेवरूनच कळतं. आपलं यंत्र बाइट यूएसबी बफरमध्ये साठवतं आणि ते पीसीवर पोचल्यावर वेळ टाकतं. शांतता मधल्यामध्ये गायब.

सोबतचा लॉग कोणीतरी एकदा उघडा. '०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए' हा मास्टरचा आठ बाइटचा प्रश्न, त्याला चिकटून कंट्रोलरचं सात बाइटचं उत्तर. सॉफ्टवेअरने दोन्हींची मिळून १५ बाइटची एकच ओळ केली आणि लाल रंगात 'सीआरसी एरर' लिहून मोकळं झालं. तीच ओळ आठव्या बाइटनंतर हाताने तोडली की दोन्ही तुकड्यांचा सीआरसी बरोबर जुळतो. वायरिंग खराब असतं तर बाइटच बिघडले असते ना? तरी उत्तर ठरलेलं: "टर्मिनेशन चेक करा." १२० ओहमचे रेझिस्टर लाइनच्या दोन्ही टोकांना आहेत. फोटो पाठवलेत.

आता आजचा फोन.

"सर, मॉनिटरला स्लेव्ह ॲड्रेस काय दिलाय?"

म्हटलं, ॲड्रेस उत्तर देणाऱ्याला, म्हणजे स्लेव्हला लागतो; मॉनिटर फक्त ऐकतो, त्याला ॲड्रेस नसतो.

"नाही सर, लाइनवरच्या प्रत्येक डिव्हाइसला ॲड्रेस लागतोच. एक ते दोनशे सत्तेचाळीसमधला कोणताही द्या."

म्हटलं, देतो, पण कुठे देऊ? तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी जागाच नाही.

बराच वेळ होल्डवर बासरी ऐकली. मग, "सर, सिनिअरशी बोललो. ॲड्रेस दिलेला नाही म्हणूनच एरर येतोय."

मी शांतपणे (हो, तोवर शांतच होतो) सांगितलं की लेटन्सी टायमर (बफरमधले बाइट पीसीकडे पाठवण्याआधी थांबायची वेळ) १६ मिलिसेकंदांवर आहे, तुमच्या ड्रायव्हरने ती सेटिंग लॉक केली आहे, ती उघडून १ करू द्या. त्यावर उत्तर आलं, "सर, तुमच्या इलेक्ट्रिशिअनला फोन देता का? त्यांना पटकन कळेल."

आमचा इलेक्ट्रिशिअन शेजारीच उभा होता. तो हसला. त्यालाही कळतं की ऐकणाऱ्याला ॲड्रेस लागत नाही.

दरम्यान तुमच्या लाल ओळींपायी पॅनेलवाल्याने सगळी टर्मिनलं उघडून पुन्हा क्रिंप केली. खरा दोष शेवटी आमच्या जुन्या ऑसिलोस्कोपवर सापडला. एनर्जी मीटर कधीकधी मास्टरचा टाइमआउट उलटून गेल्यावर उत्तर देत होता आणि ते पुढच्या प्रश्नावर आदळत होतं. मॉनिटर घेतला तो हेच बघायला. शेकडो खोट्या लाल ओळींत ती खरी लाल ओळ कोणाला दिसणार?

तुमचे जुने कन्व्हर्टर आमच्या पंप हाउसमध्ये अजून विनातक्रार चालतात. त्याच भरवशावर हा घेतला. आता वाटतं, ते बनवणारी माणसं तुमच्याकडे उरलेली नाहीत.

सेटिंग उघडलेला ड्रायव्हर पाठवा, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. आठवड्याभरात यातलं काहीच झालं नाही तर आमच्या संघाच्या व्हेंडर लिस्टमधून तुमचं नाव काढायची शिफारस मी करणार, आणि हाच लॉग कारणासकट जोडणार. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक आयोगाचं दार सहजी उघडत नाही हे मला ठाऊक आहे. तुम्हालाही असणार, त्याशिवाय इतके निवांत राहिला नसता.

आणि पुन्हा फोन करणार असाल तर ॲड्रेस विचारू नका.

विभागप्रमुख, इन्स्ट्रुमेंटेशन व देखभाल

सोबत: मूळ लॉग, स्कोपचे फोटो, बिलाची प्रत